कुणाचं काय अडलं

आमच्या ऑफिसात दर सोमवारी सकाळी एक अहवाल जायचा. मागच्या आठवड्यात काय खपलं, काय पडून राहिलं, कुठला विभाग पुढे गेला आणि कुठला रखडला, याचे रंगीत तक्ते आणि खाली बारीक अक्षरात टिपा. तो मी करायचे. शुक्रवारी दुपारपासून आकडे गोळा करायला बसायचं. कुणीतरी हमखास उशीर करायचं, मग फोन, मग आठवण, मग आठवणीची आठवण. सोमवारी जरा लवकर येऊन शेवटचा हात फिरवायचा. पुढे तो ठरल्या वेळी यादीतल्या सगळ्या साहेबलोकांना आपोआप पोचायचा. मध्यंतरी ऑफिसातली संगणकव्यवस्था बदलली. बाकी सगळ्या याद्या नव्या व्यवस्थेत आल्या, ही एक तेवढी आली नाही. मी अहवाल करत राहिले आणि तो कुणालाच जाईनासा झाला. हे उघडकीला आलं तिमाही उलटून गेल्यावर, तेही भलतंच काहीतरी शोधताना. मधल्या काळात यादीतल्या एकाही माणसानं विचारलं नव्हतं, की अहो, ते सोमवारचं काय झालं?

कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्याच सुमाराला आमच्या मजल्यावरच्या सफाईच्या मावशी एक दिवस आल्या नाहीत. कंत्राटदारानं बदली माणूसही पाठवला नाही. अकरा वाजेपर्यंत मजलाभर बोभाटा झाला होता. स्वच्छतागृहाचं दार उघडून आत जाणारा माणूस उंबऱ्यातच थबकायचा, श्वास रोखायचा आणि मग जायचं की नाही ते ठरवायचा. बेसिनभोवती साचलेलं पाणी, टोपलीच्या कडेवरून खाली आलेले कागदी रुमाल, बैठकीच्या टेबलावर आदल्या दिवशीच्या कपांचे गोल डाग. दुपारी वरच्या मजल्यावरच्या केबिनमधून फोन आला, जिथून एरवी आमच्या मजल्याची कधी चौकशी होत नाही. कित्येकांना मावशींचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, काही न बोलता बादली भरायला लागल्या. त्यांच्या आणि माझ्या पगारात किती पटींचं अंतर आहे हे मला नेमकं माहीत आहे. कंत्राटाची बिलं पडताळायचा एक तक्ता असतो. तोही मीच करते.

या दोन गोष्टी लागोपाठ घडल्या नसत्या तर मी बहुधा कुठलीच मनाला लावून घेतली नसती. अहवालाचं कळल्यावर आधी वाटलं ते हायसंच: चला, कुणी ओरडलं नाही. अपमान मागाहून आला, रात्री, दिवा मालवल्यावर. मी रीतसर तक्रार केली, यादी पुन्हा सुरू झाली, अहवाल पुन्हा जायला लागला. तो परत आल्याचंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

कुणावाचून कुणाचं अडत नाही, असं आपण दुःखाच्या वेळी एकमेकांना सांगतो, आणि सांगताना ते खोटं आहे हेही आपल्याला ठाऊक असतं. माणसांचं जाऊ द्या, कामांच्या बाबतीत तर ते उघड खोटं आहे. काही कामांवाचून अडतं आणि तासाभरात अडतं. १९६८च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या सुमारे ७,००० सफाई कामगारांनी ९ दिवस काम बंद ठेवलं, तर तेवढ्यात जवळपास १ लाख टन कचरा रस्त्यावर आला आणि शहराला आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. त्याच महिन्यात त्याच देशात, मेम्फिस शहरात, दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागे बसले होते. गाडीतलं कचरा दाबणारं यंत्र अचानक चालू झालं आणि ते त्यात चिरडून गेले. काही दिवसांनी तिथल्या सुमारे १,३०० कृष्णवर्णीय कामगारांनी काम थांबवलं. त्यांच्या हातातल्या फलकांवर मजुरीचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढंच होतं. १८ मार्चला मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासमोर बोलले, आणि त्यांनी सांगितलं की सफाई कामगार हा डॉक्टरइतकाच महत्त्वाचा, कारण त्यानं काम केलं नाही तर रोगराई पसरेल. ४ एप्रिलला त्याच शहरात त्यांना गोळी घातली गेली, आणि तडजोड झाली ती त्यानंतर, १६ एप्रिलला. एखादं काम किती गरजेचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ते करणारा मोजला जाण्यासाठी मात्र तेवढं पुरत नाही, मध्ये इतकं काही घडावं लागतं.

मग उलट उदाहरण शोधावंसं वाटलं, माझ्या अहवालाच्या जातीचं. तेही सापडलं. आयर्लंडमध्ये १९७०च्या मे महिन्यात कर्मचाऱ्यांशी झालेल्या वादातून मोठ्या बँका बंद झाल्या, त्या उघडल्या थेट नोव्हेंबरच्या मध्यावर. सहा महिन्यांहून जास्त काळ देशातल्या बहुतेकांची खाती कुलपात होती. लोकांनी काय केलं, तर एकमेकांना धनादेश लिहून दिले आणि तेच हातोहात फिरवले. मद्यालयांचे मालक आणि दुकानदार ते वटवून देत, कारण समोरच्या माणसाचा शब्द किती खरा आहे हे त्यांना वर्षानुवर्षांच्या उठबशीनं माहीत होतं. देश काही बुडाला नाही. बँकवाल्यांची खिल्ली उडवायला ही गोष्ट आवडीनं सांगितली जाते आणि मलाही ती पहिल्यांदा वाचताना गुदगुल्या झाल्या. पण नंतर तिनं मला छळलं. कोणाचा कागद चालेल आणि कोणाचा नाही हे ठरवायचं काम थांबलं नव्हतंच. ते गल्ल्यावर बसलेला माणूस फुकटात करत होता. बँका बंद होत्या, बँकिंग चालू होतं. मोठे व्यवहार तर अडखळलेच, आणि साचलेले धनादेश निकाली काढायला पुढे कित्येक महिने गेले. तेव्हा एखादं पद रिकामं राहिल्यानं काही बिघडलं नाही, यावरून त्या पदातलं काम फुकाचं होतं असं म्हणता येत नाही. ते काम भलत्याच कुणाच्या तरी डोक्यावर गेलेलं असू शकतं.

हे कळल्यावर मी अहवालाकडे पुन्हा पाहिलं. वाचत कुणी नव्हतं, हे खरं. पण शुक्रवारी मी आकडा मागणार आहे या धाकानं खालचे लोक आठवडाभर नोंदी नीट ठेवत होते. म्हणजे अहवालाचा उपयोग तो पोचण्यात नव्हता, तो मागण्यात होता. हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणतेय का? असेलही. पगार घेणारा माणूस आपल्या कामाचा उपयोग शोधायला लागला की त्याला तो सापडतोच. सफाईच्या मावशींना मात्र असा शोध घेताना मी पाहिलेलं नाही.

माझ्या कामाला पैसे नेमके कशाचे मिळतात, याचं उत्तर अर्थशास्त्रात असेल म्हणून थोडं वाचलं. ॲडम स्मिथनं १७७६मध्ये दिलेलं टाचणीचं उदाहरण शाळेपासून ऐकलेलं: एका टाचणीच्या कामाचे १८ तुकडे केले की १० माणसं मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. त्याच ग्रंथात पाणी आणि हिऱ्याचंही कोडं आहे, की सर्वांत उपयोगी वस्तूच्या बदल्यात काही मिळत नाही आणि बिनउपयोगी वस्तूच्या बदल्यात वाटेल ते मिळतं. मला मौज वाटली ती तिसऱ्याच जागी. स्मिथ अनुत्पादक काम करणाऱ्यांची यादी देतो, आणि तीत घरगडी, खुद्द राजा, त्याचे अंमलदार, फौज, धर्मगुरू, वकील, वैद्य, लेखक, नट, विदूषक, गवई असे सगळे एका रांगेत उभे आहेत. काम संपल्यावर ज्याच्या मागे विकण्याजोगी वस्तू उरत नाही तो अनुत्पादक. टाचणीवाला उत्पादक आणि वैद्य नाही, हे आज वाचून हसू येतं. पण त्या माणसानं निदान रेघ ओढायचं धाडस केलं होतं, आणि राजाला रेघेच्या पलीकडे बसवलं होतं. पुढच्या शतकातल्या अर्थशास्त्रज्ञांनी रेघच पुसून टाकली. ज्याला कुणीतरी पैसे मोजतं ते मोलाचं, बाकी चर्चा नको. ऐकायला हे किती नम्र वाटतं! कुणाच्या कामाला वरचं म्हणायचं नाही, कुणाच्या कामाला खालचं म्हणायचं नाही, गिऱ्हाईक ठरवील. फक्त गिऱ्हाईक व्हायला खिशात पैसे लागतात, आणि भाव मागायला हातातलं काम खाली ठेवायची ताकद लागते, या दोन गोष्टी त्या नम्रतेत बसत नाहीत.

पैसे आणि कामातला अर्थ यांचं नातं कधीकधी चक्क उलटं असतं. १९१३मध्ये फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात जुळणीचा सरकता पट्टा आला. गाडीचा सांगाडा जोडायला आधी १२ तासांच्या वर लागत, ते काम दीड तासावर आलं. आणि माणसं पळत सुटली. त्या वर्षी कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं. एक जागा वर्षभर भरलेली ठेवायची तर तीनचार माणसं नव्यानं आणावी लागत. दिवसभर तोच एक नट, तोच एक हिसका, मान वर करायचीही सोय नाही. १९१४च्या जानेवारीत फोर्डनं दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, चालू मजुरीच्या दुपटीहून जास्त, वर कामाचे तासही ८ केले. ते औदार्य म्हणून गाजलं, दारात रांगा लागल्या. ते पूर्ण पदरात पडायचे तर कामगार घरी कसा राहतो हे पाहायला कंपनीचा माणूस यायचा, हे तितकंसं गाजलं नाही. मला त्यात एक वेगळाच हिशेब दिसतो. आदल्या वर्षीपेक्षा त्या कामाला जास्त कसब लागत नव्हतं, उलट कसब काढून घेतलं होतं. त्या वाढीव पैशातला बराचसा भाग काढून घेतलेल्या गोष्टीची भरपाई होता. माझ्या पगारातला किती भाग माझ्या अकलेचा आणि किती सोमवारच्या सकाळचा, हे मी कधी मांडून पाहिलेलं नाही, आणि पाहणारही नाही.

कारण खरं सांगायचं तर मला तो अहवाल करायला आवडतो. विस्कटलेले आकडे रांगेत आले, बेरीज दोन्ही बाजूंनी जुळली, की छातीत काहीतरी खटकन जागेवर बसतं. शुक्रवारी संध्याकाळी दिवे एकेक करून मावळलेले असतात, वातानुकूलनाची घरघर थांबलेली असते, आणि मी एकटी एका रकान्यातली चूक हुडकत असते. त्या तासाला मी कंटाळले असं कधी होत नाही. जगाला उपयोग शून्य असेल, मला आहे. डेव्हिड ग्रेबर या मानववंशशास्त्रज्ञानं २०१३मध्ये एका लेखात म्हटलं होतं की आजच्या कितीतरी नोकऱ्या त्या करणाऱ्यांनाच निरर्थक वाटतात. दोन वर्षांनी ब्रिटनमधल्या एका पाहणीत ३७ टक्के नोकरदारांनी आपल्या कामाचा जगाला अर्थपूर्ण हातभार लागत नाही असं सांगितलं. त्याच २०१५ सालच्या युरोपभरच्या दुसऱ्या पाहणीत मात्र आपण उपयोगी काम करतो असं क्वचितच किंवा कधीच वाटत नाही, असं म्हणणारे जेमतेम ५ टक्के निघाले. यात खोटं कुणी बोललं असं मला वाटत नाही. मला जर विचारलं, ‘जगाला काय देतेस?’ तर मी खाली बघेन. ‘उपयोगी काम करतेस का?’ असं विचारलं तर तोंडातून हो जाईल. त्या दुसऱ्या पाहणीचा अभ्यास करणाऱ्यांना आणखी एक दिसलं, की निरुपयोगीपणाची भावना कामाच्या प्रकारापेक्षा वरिष्ठ कसे वागवतात याच्याशी जास्त जोडलेली आहे. हे पटतं. माझा सगळा विषाद अहवाल निरुपयोगी ठरल्याचा नव्हताच. विचारलं कुणी नाही, त्याचा होता.

आणि काम नुसतं काढून घेतलं तर काय उरतं, हेही एकदा कुणीतरी जवळून पाहिलेलं आहे. ऑस्ट्रियातलं मारिएनथाल हे एका कापडगिरणीवर जगणारं गाव. मंदीच्या तडाख्यात गिरणी बंद पडली आणि जवळजवळ गावच्या गाव रिकामं बसलं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन केलेला अभ्यास १९३३मध्ये प्रसिद्ध झाला. कुणालाही वाटेल की वेळच वेळ मिळाला म्हटल्यावर माणसं वाचतील, बोलतील, सभासंमेलनं करतील. वाचनालयातून घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. या लोकांनी हातात घड्याळ घेऊन गावातल्या रस्त्यावरची चाल मोजली. पुरुष सावकाश चालत, मध्येच थांबत, पुन्हा थांबत. दिवसभरात काय केलं ते लिहायला सांगितलं तर दोन जेवणांच्या मधले तास त्यांना आठवत नसत. बायका मात्र भरभर चालत, त्यांना थांबायला फुरसत नव्हती. त्यांची गिरणी गेली होती, काम गेलं नव्हतं.

इथे मला आत्या आठवते.

आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा आत्यानं नोकरी सोडली. ‘तिनंच सोडली’ असं घरात म्हणायची पद्धत आहे. सोड असं तिला कुणी सांगितल्याचं मलाही आठवत नाही. भाऊ नुसते गप्प बसले होते, आणि त्या गप्प बसण्याच्या शेवटी तिनं ‘मी बघते’ म्हटलं होतं. त्या खोलीचा वास अजून नाकात आहे: स्पिरिट, टाल्कम पावडर, वाळत घातलेल्या चादरींचा ओलसरपणा, आणि त्या सगळ्याच्या खाली म्हाताऱ्या देहाचा एक आंबूस वास, जो कितीही पुसलं तरी राहतो. दर दोन तासांनी आजोबांची कूस बदलायची. रात्रीसुद्धा. गजराचं घड्याळ ती रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवायची, म्हणजे बाकीच्यांची झोप मोडू नये. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा पलंगाच्या कडेला टेकवून एका दमात फिरवणं. मी एकदा करून पाहिलं तर आजोबा कळवळले आणि माझ्या पाठीत चमक भरली. शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला जखम झाली नाही. इस्पितळात एकदा नर्सनं त्यांना तपासताना पाठ पाहिली, मग मान वळवून आत्याकडे पाहिलं. एका जाणकारानं दुसऱ्या जाणकाराला ओळखावं, तेवढंच. घरात आत्या काय करते असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: काही नाही, घरीच असते.

हे उत्तर आमच्या घरानं शोधलेलं नाही. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४मध्ये अमेरिकी सिनेटसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज मांडला तेव्हा घरकाम त्यातून वगळलं, आणि या आकड्यावरून देशाच्या बऱ्यावाइटाचा निष्कर्ष काढू नका असंही बजावलं. वगळणं तेवढं पुढच्यांनी उचललं, बजावणं राहून गेलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८मध्ये ६४ देशांतल्या पाहण्यांवरून अंदाज दिला की रोज १,६४० कोटी तास बिनपगारी सेवेत आणि घरकामात जातात; २०० कोटी माणसांनी रोज ८ तास फुकट राबावं इतके. त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त बायकांचे. आकडा प्रचंड आहे, आणि आकडे जुळवणं हाच माझा धंदा असूनही मला त्यानं काही होत नाही. मला रुमालात गुंडाळलेलं घड्याळ दिसतं. आत्याला बदली नव्हती, रजा नव्हती, हे तर झालंच. पण मुख्य म्हणजे तिला थांबून दाखवता येत नव्हतं. मावशी एक दिवस आल्या नाहीत तर मजला घाणीत बसला. आत्या एक रात्र उठली नसती तर आजोबांच्या पाठीला भोगावं लागलं असतं, गप्प बसलेल्या भावांना नाही. ज्याच्याकडून दाद मागायची त्याला झळ लागत नाही आणि ज्याच्यावर जीव आहे त्यालाच लागते, अशी ती अडवणूक. नर्सेस, पाळणाघरातल्या बाया, घरी म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या, सगळ्यांच्या पगाराच्या तळाशी मला हेच दिसतं. त्या सोडून जाणार नाहीत याची खात्री असते, आणि त्या खात्रीवर त्यांचा भाव पाडला जातो.

म्हणून आइसलँडचा तो दिवस मला इतका आवडतो. २४ ऑक्टोबर १९७५. संप म्हटलं तर पुष्कळ जणी बिचकतील, म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं बायकांच्या सुट्टीचा दिवस. देशातल्या सुमारे ९० टक्के बायकांनी त्या दिवशी कचेरीतलं आणि घरातलं, दोन्ही काम केलं नाही. शाळा बंद पडल्या किंवा जेमतेम चालल्या, बँकांत वरिष्ठ अधिकारी काउंटरवर येऊन बसले, बापांनी पोरं कामावर नेली आणि कागद-पेन्सिली देऊन टेबलाखाली बसवली. राजधानीत हजारो जणी एका चौकात जमल्या होत्या. पुढच्या वर्षी समानतेचा कायदा झाला, आणि १९८०मध्ये व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर तिथे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. एका दिवसानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. समानतेच्या त्याच मागण्यांसाठी २०२३च्या त्याच तारखेला पुन्हा तसाच दिवस पाळावा लागला, आणि त्यात खुद्द पंतप्रधानबाई सामील होत्या. पण एक पेच त्या बायकांनी मोठ्या चतुराईनं सोडवला होता. आजारी आणि तान्ही माणसं वाऱ्यावर सोडली नाहीत, ती नवऱ्यांच्या हातात दिली. एकटीदुकटीनं हे केलं असतं तर ती निष्ठुर ठरली असती.

याच्या उलट टोकाला २०२०. जगभरची सरकारं अत्यावश्यक कामांच्या याद्या करत होती आणि त्या याद्यांत सफाई कामगार, नर्स, मालवाहू गाड्यांचे चालक, दुकानातले हमाल होते. माझ्यासारखे सगळे घरी बसून पडद्यावर होते. असा आरसा इतक्या जणांना एकदम कधी दाखवला गेला नसेल. लोक खिडक्यांत येऊन टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या, आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं, ते खोटं नव्हतं. ब्रिटनमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता हा कार्यक्रम कित्येक आठवडे चालला. पुढच्या मार्चमध्ये तिथल्या सरकारनं सरकारी इस्पितळांतल्या नर्सेसना किती पगारवाढ सुचवली? १ टक्का. ओरड झाल्यावर ती ३ केली. टाळ्यांत वाईट काहीच नाही. फक्त टाळी वाजवणाऱ्याचं त्यात काही जात नाही.

आजोबा गेले तेव्हा सगळे आत्याला ‘सुटलीस बाई’ म्हणाले. काही काळ गेल्यावर तिनं नोकरी शोधायला घेतली, आणि अर्ज लिहायला माझ्याकडे आली, तक्ते मी चांगले करते म्हणून. शेवटच्या नोकरीनंतरच्या रकान्यात काय घालू विचारलं तर म्हणाली, ‘रिकामा सोड.’ मी ‘अंथरुणावरच्या वृद्ध रुग्णाची पूर्णवेळ शुश्रूषा’ असं टाकलं. ‘उगीच काहीतरी,’ ती म्हणाली, पण खोडायला लावलं नाही. ज्या कचेऱ्यांत अर्ज केले त्यांतून उत्तर आलं नाही. फोन आला तो घरोघरी रुग्णसेवक पुरवणाऱ्या एका संस्थेचा. बाबा समोर वर्तमानपत्र वाचत बसले होते. आत्यानं फोन कानाला न लावता टेबलावर ठेवला, कारण तिचे हात ओले होते. पलीकडची बाई एकेक विचारत गेली. उचलता येतं का, कूस बदलता येते का, नळीनं भरवता येतं का, चिडणारे पेशंट चालतील का. आत्या प्रत्येकाला ‘हो’ म्हणत होती, हात पुसत पुसत. मग त्या बाईनं तासाचा दर सांगितला. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. ते मनातल्या मनात गुणाकार करत असावेत. मी तरी करत होते. ‘आणि रात्री थांबाल का?’ पलीकडून प्रश्न आला. आत्यानं आमच्याकडे न बघता सांगितलं, ‘थांबेन. रात्रीचे वेगळे पडतील. आणि रविवारी मी येणार नाही.’